खून घटले का, विचारणारी बाई

बोलायच्या आधी ती टेबलावर तळहात टेकवायची. मासोळी ताजी आहे का ते पाहायला तिच्या पोटावर बोटं दाबतात, तसा हलका दाब द्यायची. मग मान जराशी पुढे काढून विचारायची,

"घटले का जी?"

खून घटले का, असं तिला विचारायचं असे.

तुम्हीही कचेऱ्यांत हेलपाटे घातले असतील. तिथं माणसं काय विचारायला येतात ते तुम्हाला ठाऊक आहे. दाखला झाला का, सही झाली का, साहेब जेवून आले का. जिल्ह्यातले खून कमी झाले का, हे विचारायला एसटीनं पार धरणाकडून येणारी माझ्या सगळ्या नोकरीत ही एकच बाई.

मी भंडाऱ्यातल्या एका सरकारी कचेरीत आकड्यांच्या टेबलावर बसतो. कोणत्या कचेरीत ते सांगत नाही. राहतो कारध्याला, सकाळी वैनगंगेचा पूल ओलांडून येतो, संध्याकाळी ओलांडून जातो. मधल्या वेळात ठाण्याठाण्यांतून आलेले गुन्हे रकान्यांत भरतो. खून, खुनाचा प्रयत्न, दरोडा, चोरी. बेरीज करून वर पाठवतो. बोलणं कमी. बायको म्हणते, ह्यांना प्रश्न विचारला की उत्तर टपालानं येतं. तर अशा माणसाच्या टेबलापुढं ही बाई कशी येऊन उभी राहिली, ते आधी सांगतो.

खुनाचं कलम तीनशे दोन जाऊन एकशे तीन आलं, त्या पावसाळ्यातली गोष्ट. नवा कायदा लोकांना समजावून सांगायला गावोगावी कार्यक्रम चालले होते. असाच एक कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता. साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली, फाशीची कलमं कशी वाढली ते सांगितलं, आणि शेवटी आवाज चढवून म्हणाले, "आता धाक बसेल. खून घटतील." टाळ्या झाल्या. मी मागे लॅपटॉपची वायर धरून बसलो होतो, कारण ती सोडली की पडदा काळा होत होता.

टाळ्या संपल्यावर बायकांच्या बाजूनं एक जण उठली. पन्नाशीची, सडसडीत, आवाज बाजारात कमावलेला.

"साहेब, एक विचारू का जी?"

"विचारा ना, बाई."

"माह्या नवऱ्याले अन् देराले एकानं मारलं. कोर्टानं त्याले फाशी सुनावली. आता हायकोर्टात हाये. थो लटकला, त दुसरे कोनी वाचतीन का?"

साहेब भला माणूस. ते म्हणाले, "नक्की वाचतील. त्यासाठीच तर असते फाशी."

"अन् वाचले का नाही, हे कोनाले विचारा लागन?"

लोक हसले. साहेबही हसले आणि त्यांनी सरळ माझ्याकडे बोट केलं. "ह्यांना विचारा. सगळे आकडे ह्यांच्याजवळ असतात."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. घाबरून वायर माझ्या हातून सुटली आणि पडदा काळा झाला. तिनं मला नीट पाहून घेतलं, बाजारात मापाचा दगड पारखून पाहतात तसं.

"बरं," ती म्हणाली. "येईन मंग."

साहेब ते विसरले, लोक विसरले. पुढच्या महिन्यात ती आली.

तिची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली तिचं गाव गेलं आणि नव्या वसाहतीत प्लॉट मिळाला. जुन्या गावी जे शेजारी होते तेच इथंही शेजारी आले: एक डोकरा, एक डोकरी आणि त्यांचा एकुलता एक पोट्टा. गावच्या मासेमारांनी मिळून जवळचा तलाव ठेक्यानं घेतला होता. राखणीला हिचा नवरा आणि दीर. शेजारच्या पोट्ट्यानं चोरून जाळं टाकलं, ह्या दोघांनी पकडलं आणि सकाळपर्यंत झाडाला बांधून ठेवलं. कोणीतरी फोटो काढला. तो फोटो मोबाइलांवरून फिरत फिरत पोट्ट्याच्या ठरलेल्या सासुरवाडीला पोचला आणि लग्न मोडलं. पुढे काही दिवसांनी पहाटे तो कुऱ्हाड घेऊन राखणीच्या झोपडीत गेला. दोघं झोपेत होते.

हे सांगताना ती झाडाला बांधल्याचं कधी गाळत नसे. "बांधाले नव्हतं पाह्यजे. मी म्हटलंही होतं आमच्यावाल्याले, सोडून दे म्हून." आणि लगेच, श्वासही न घेता, "पन बांधलं म्हून कोनी कुऱ्हाड मारते का?" ह्या दोन वाक्यांतलं एक खोडून ती दुसरं ठेवू शकली असती. बहुतेक जण तसंच करतात. मीही केलं असतं.

फाशी सुनावल्यावर डोकरा-डोकरी तिच्या ओट्यावर येऊन बसू लागले. त्यांच्या वकिलानं सांगितलं होतं की मेलेल्यांच्या घरच्या बाईनं लिहून दिलं, आम्हाला ह्याचा जीव नको, तर त्या कागदाला कायद्यात फार वजन नाही. पण न्यायाधीश वाचतात. तेवढ्या एका 'पण'वर ती दोघं रोज येऊन बसत. बोलत काही नसत. ही जाळं विणत बसे. वसाहतीतले लोक हिला म्हणत, हाकलून दे ना. ही म्हणे, "बसाले पैसे लागते का?"

कागद करून द्यायचा की नाही, तिचं ठरत नव्हतं. एकदा चहा पिताना मला म्हणाली, "खरं सांगू का बाबू, मले आनखी एक मुडदा नाही पाहाचा. गंज झाले." मग बशीतला चहा फुंकत राहिली. "पन साहेब म्हनते, थो लटकला त दुसरे वाचतीन. कोन्या बाईचा नवरा वाचत असन, त मी कोन नाही म्हननारी? मले नाही पाहावत म्हून तिचा काहून मरावा?"

म्हणून तिनं डोकरीला सांगून ठेवलं होतं: थांब, मी विचारून येते.

तुम्हीच बघा. फाशीनं धाक बसतो, हे वाक्य आपण सगळेच कधी ना कधी बोललो आहोत. पानटपरीवर बोललो, मोर्चात ओरडलो, पेपरात वाचून मान डोलावली. ते खरं निघालं तर एक माणूस मरणार आणि खोटं निघालं तर जगणार, असं समजून ते तपासायला निघालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. ज्याचा जीव टांगणीला होता तो तिचा वैरी होता. आणि वेळेला बस नाही मिळाली तर ती काळीपिवळी जीपच्या टपावरच्या मासोळीच्या क्रेटशेजारी बसूनही आली असती, ह्याविषयी मला शंका नाही.

कचेरीला तिची सवय व्हायला वेळ लागला. आधी बाजारात मासोळी विकायची, मग आमच्याकडे यायची, अंगाला वास. आमच्या बडेबाबूंनी ती आली की उदबत्ती लावायला सुरुवात केली. पहिल्या खेपेला ती त्या धुराकडं पाहत राहिली.

"देव बसवला का जी इथी?"

"हवा शुद्ध राहते, बाई."

"लावा, लावा. खुनाचे कागद हायेत, वास येतच असन."

बडेबाबूंनी त्या दिवसापासून उदबत्ती लावली नाही.

एकदा तिनं माझ्यापुढं झिंग्यांचा वाटा ठेवला. मी म्हटलं, नको बाई, ही लाच होते. ती इतकी हसली की शेजारच्या खोलीतले लोक डोकावले. "लाच? झिंगे खाऊन तुमी खून घटवान का? मंग टोपली आनतो."

आणि एका महिन्यात मी सांगितलं की घटले नाहीत, उलट एक जास्त आहे, तेव्हाची गोष्ट. तिनं तळहात टेबलावरून उचलला. "कोनता?" मी म्हटलं, कोणता म्हणजे? आकडा आहे. "आकडा हाये, पन घर असन ना त्याले. कोन्या गावचा?" सांगू नये, पण पेपरात येऊन गेलेलं होतं, म्हणून गाव सांगितलं. साकोलीच्या पुढं, जंगलाला लागून. पुढच्या वेळी कळलं की ही त्या गावी जाऊन आली. मेलेल्याच्या बायकोजवळ दिवसभर बसली आणि शेवटच्या बसनं परतली.

"काय बोललात?"

"काय बोलनार? तिच्या चुलीवर भात केला. पोट्टे उपाशी होते."

मी त्या रकान्यात कित्येक वर्षं आकडे भरत होतो. त्यातल्या एकाही घरी मी गेलेलो नव्हतो. जायला हवं असंही कधी वाटलं नव्हतं, आणि तिनंही मला तसं कधी सुचवलं नाही. पण त्या दिवसानंतर खुनाचा रकाना भरताना मी आधी गावाचं नाव वाचू लागलो.

आता जे सांगायचं ते सांगतो.

नव्या कायद्याबरोबर आमच्याकडे नवा तक्ता आला. नवं कलम लागलेले खून त्यात भरायचे. पण जुना कायदा चालू असताना घडलेला खून नंतर उघडकीला आला, तर त्याला जुनंच कलम लागतं. त्यांचा तक्ता वेगळा राहिला. आणि आपल्याकडे उशिरा उघडकीला येणारे खून थोडे नसतात. विहिरीत, तलावात, जंगलात प्रेत सापडलं की आधी मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यू, अशी नोंद होते. व्हिसेरा तपासायला नागपूरला जातो. अहवाल यायला महिने लागतात आणि मग कळतं, की विष पाजलं होतं. असे सगळे जुन्या तक्त्यात जात होते. आदल्या वर्षीच्या बेरजेत मात्र ते धरलेले होते.

वर्षअखेरीची घाई होती. ती येऊन उभी राहिली, तळहात टेकवला, विचारलं. माझ्यासमोर नवा तक्ता उघडा होता. मी त्यातली बेरीज पाहिली, आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांची पाहिली. जुना तक्ता दुसऱ्या कपाटात होता. तो काढायचं माझ्या मनात आलंच नाही. शिवाय, खरं सांगायचं तर, दर महिन्याला तिला रिकाम्या हातानं परत पाठवून मला कसंसं व्हायला लागलं होतं. एकदा तरी काहीतरी द्यावं असं वाटत होतं.

"घटले, बाई," मी म्हणालो. "चांगलेच घटले."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती खुर्चीवर बसली. मला वाटलं होतं, तिचं तोंड उजळेल. तिनं पदरानं कपाळ पुसलं, मग मान, मग पुन्हा कपाळ.

"पक्कं ना जी?"

"पक्कं. हा काय, समोर आहे."

"मंग लटकू द्या त्याले," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की बाजारात तिला ओळखणाऱ्यांना तो तिचा वाटला नसता. उठून दारापर्यंत गेली, उंबऱ्यावर उभी राहिली, आणि गेली. तिला दुसरं उत्तर हवं होतं, हे मला तेव्हाच दिसलं. तरी तिनं माझं उत्तर घेतलं आणि ते डोकरा-डोकरीला नेऊन सांगितलं.

त्यानंतर तिचं येणं थांबलं. विचारायचं काही उरलं नव्हतं.

उन्हाळ्यात वर पाठवायला दोन्ही तक्ते एकत्र करायचे होते. जुन्या तक्त्यातले खून नव्यात मिळवले आणि आकडा जवळजवळ पहिल्या जागी येऊन बसला. कायदा बदलायच्या आधी जेवढे, बदलल्यावर तेवढेच, एखाद-दुसरा इकडेतिकडे. मी बेरीज पुन्हा केली. मग कागद घडी करून ठेवला आणि चहाला गेलो.

तिला कळवणं अवघड नव्हतं. दर रविवारी मी भंडाऱ्याच्या बाजारात जातो आणि तिची जागा मला माहीत होती. मी तिची ओळ टाळून दुसरीकडून मासोळी घेऊ लागलो. कोणाला विचारून हे केलं नाही आणि कोणाला सांगितलंही नाही. मनात म्हणायचो, निकाल तर न्यायाधीश देणार. एका बाईच्या कागदानं काय होतं? आकड्याच्या टेबलावरच्या माणसानं आकडा चुकला म्हणायचं, तर मग बाकी काय राहिलं? अशी उत्तरं माणसाला आपोआप सुचतात.

पोळ्यानंतरच्या एका रविवारी मी मान खाली घालून चाललो होतो. मागून हाक आली.

"ओ आकडेबाबू! काहून तोंड लपवून पळून राहिले? माही मासोळी चावते का तुमाले?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. जावं लागलं. ती विळीवर बसून एका गिऱ्हाइकाचा रोहू साफ करत होती. खवले उडत होते.

"बसा. मरळ देऊ का? घरी बरं हाये ना?" आणि त्याच दमात, विळीवरची नजर न उचलता, "डोकरा गेला आमच्या शेजारचा. पोळ्याले. शेवटपर्यंत विचारत होता, बाईनं कागद केला का म्हून. मी जवळ बसून सांगतलं, बाबा, खून घटले म्हनते. नाही जमत मले." तिनं माशाचं डोकं वेगळं केलं. "नुसता पाहात राह्यला माह्याकडं. मंग मान हलवली. समजलं म्हने."

मी उभाच होतो. तोंडातून शब्द निघाले ते माझे मलाच नीट ऐकू आले नाहीत.

"घटले नाहीत, बाई."

"काय नाही घटले?"

"खून. माझी चूक झाली. मी एकच तक्ता पाहिला होता. दोन होते."

गिऱ्हाईक म्हणालं, "ओ बाई, तुकडे बारीक करजो जरा." तिनं तुकडे बारीक केले. पिशवीत भरले, पिशवीला गाठ मारली, त्याच्या हातात दिली. तो गेला.

"मंग वाढले?"

"वाढलेही नाहीत. होते तेवढेच आहेत. आणि बाई, आपला जिल्हा लहान. एका वर्षी दोन जास्त, एका वर्षी दोन कमी, असं होतच राहतं. त्यावरून फाशीनं काय झालं ते सांगता येत नाही. घटले असते तरी सांगता आलं नसतं."

"म्हन्जे तुमाले मालूम नाही."

"नाही."

"अन् त्या दिवशीच्या साहेबाले?"

"त्यांनाही नाही."

"मोठ्या साहेबाले? दिल्लीतल्या?"

"बाई, जगभरची शिकलेली माणसं ह्यावर भांडत आली आहेत. कुठं फाशी काढली, कुठं ठेवली, कुठं परत आणली. आधीचे आकडे, नंतरचे आकडे मांडून बसतात. त्यानं खून कमी होतात, असं कोणाला नक्की दाखवता आलेलं नाही. होत नाहीत, असंही नाही."

तिनं विळीचं पातं फडक्यानं पुसलं. सावकाश, दोन्ही बाजूंनी. मला वाटलं आता ती ओरडेल. ती ओरडावी अशी माझी इच्छा होती. बाजारभर ऐकू जाईल असं ओरडायला तिला येत होतं.

"कवापासून मालूम हाये तुमाले?"

"उन्हाळ्यापासून."

तिनं वर पाहिलं. उन्हाळा आणि पोळा ह्यांच्यामध्ये किती दिवस असतात, ते तिला मोजून दाखवायची गरज नव्हती. डोकरा त्या दिवसांत तिच्या ओट्यावर बसत होता. हेही लिहितो. एक माणूस मुलाचं काय होणार हे न कळता मेला, आणि तो मरत असताना खरं उत्तर माझ्या खिशात घडी करून ठेवलेलं होतं.

"पानी टाका," ती म्हणाली आणि दोन्ही हात पुढे केले.

मी बाटलीतलं पाणी तिच्या हातांवर ओतलं. तिनं मनगटापर्यंत हात धुतले, खवले खरडून काढले.

"आतापर्यंत सोपं होतं," ती म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती की हातांशी, सांगता येत नाही. "आकडा सांगन ते आपुन करू म्हटलं. आता कोनालेच मालूम नाही म्हनता. मंग माहं मलेच सांगा लागन."

मी हे वाक्य अनेकदा आठवतो. ती सुटली असं तिला वाटलं नाही. जे तिला करायचं होतं त्याची वाट मोकळी झाली होती, तरी तिच्या तोंडावर आनंदाची खूण नव्हती. इतके दिवस ती एका मोठ्या, सरकारी, न दिसणाऱ्या गोष्टीच्या आड उभी होती. ती गोष्ट मी बाजूला केली आणि ही बाई उघड्यावर उभी राहिली, आणि मागं हटली नाही. मी माझ्या आयुष्यात देवळांत, विहारांत, नदीकाठी हात जोडले आहेत. त्या दिवशी मासोळीबाजारात मला वाटलं तसं कुठं वाटलेलं नाही.

"बुधवारी सुट्टी काढा," ती म्हणाली. "नागपूरले जाऊ. वकिलाले ते दोन तक्त्यांचं तुमीच सांगा. मले नाही समजावता येत."

बुधवारी आम्ही तिघं गेलो. ती, मी आणि डोकरी. पोट्ट्याचा वकील तरुण होता, आनंदानं खुर्चीवरून उठलाच. मी माझं तक्त्यांचं सांगितलं. त्यानं मान डोलावली, ऐकलं की नाही कोण जाणे, आणि संगणकावर भराभर लिहून तिला वाचून दाखवलं. "मी आरोपीला मोठ्या मनाने क्षमा केली आहे..."

"हे खोडा."

"का हो, बाई?"

"मी नाही केलं माफ."

"पण असं लिहिलं की कोर्टात चांगलं दिसतं."

"दिसाले नाही लिहून राहिली मी. लिहा. मी माफ नाही केलं. त्याले सोडू नका. त्यानं दोन घरं बुडवली. फक्त माह्या नवऱ्याच्या नावानं मारू नका त्याले."

वकिलाची बोटं थांबली. "आणि कारण काय लिहू?"

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "लिहा, त्याच्यानं कोनी वाचते का, हे कोनालेच मालूम नाही. मी विचारून आली."

त्यानं ते लिहिलं. शुद्ध भाषेत लिहिलं, पण लिहिलं. तिनं वाचून घेतलं आणि अक्षरं जोडत जोडत सही केली. शपथेवर तक्त्यांविषयी मीही चार ओळी लिहून दिल्या. नोकरीला त्याचा काही त्रास झाला का, हे विचारू नका. झाला तो थोडाच झाला.

पुढं हायकोर्टानं फाशीची जन्मठेप केली. तिच्या कागदामुळे केली असं म्हणवत नाही. निकालात दुसरी कारणं पानोपानी आहेत आणि तिच्या कागदाविषयी एकच वाक्य. वसाहतीत काहींनी तिच्याशी बोलणं टाकलं. दिराची बायको तर समोरून आली तर तोंड फिरवी, आणि तिचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. तिचाही नवरा त्याच झोपडीत होता. गेल्या हिवाळ्यात बाईनं प्लॉटावरच्या घराला कुलूप लावलं आणि ती लेकीकडे राहायला गेली. बाजारात तिच्या जागेवर आता एक दुसरी बाई सुकट विकते. महिना संपला की मी खुनाचा आकडा भरतो, आणि दोन्ही तक्ते उघडून भरतो.

पण मला ती दिसते ती त्या बुधवारची. वकिलाच्या खोलीतून आम्ही बाहेर आलो, तर डोकरी पायरीवर बसली होती. हिला पाहताच ती घाईनं उठली आणि पाय धरायला वाकली. ही झटकन मागं सरली.

"पाय नको धरू. तुह्या पोट्ट्याले मी माफ नाही केलं. समजली का?"

"समजली वो माय," डोकरी म्हणाली. ती रडत होती.

"मंग झालं. चल, गाडी सुटन."

ती पुढं निघाली, भरभर, बाजाराला जायची तिची चाल. डोकरी पदर सावरत मागून. नागपूरच्या त्या गर्दीत म्हातारीला चालता येईना, लोक मधे येत होते, अंतर वाढत गेलं. बाईनं मागं वळून पाहिलं नाही. पण मी तिच्याच बाजूनं चालत होतो, म्हणून मला दिसलं: तिनं पावलं आखूड केली होती.